पुराव्याची पोकळी आणि आरोपीचे मौन

खुनाच्या खटल्यात लोकांचे लक्ष दोन दिवसांकडे लागलेले असते: आरोपीला अटक होते तो दिवस आणि निकाल लागतो तो दिवस. या दोहोंच्या मध्ये आणखी एक दिवस येतो. त्याची वार्ता क्वचितच होते. सरकार पक्षाचा अखेरचा साक्षीदार पिंजऱ्यातून उतरलेला असतो, आरोपीचा जबाब नोंदून झालेला असतो आणि न्यायाधीशांपुढे प्रश्न उभा राहतो: एवढ्या पुराव्यावर या माणसाकडे बचाव मागावा काय? न्यायाची खरी कसोटी पुष्कळदा याच दिवशी लागते, असे आम्हांस वाटते.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २३२ व्या कलमात या प्रश्नाचे उत्तर होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच २५५ वे कलम झाले आहे. आरोपीने गुन्हा केल्याचा पुरावाच नाही, असे दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर सत्र न्यायाधीशांचे मत झाले, तर त्यांनी तेथेच निर्दोष मुक्ततेचा हुकूम नोंदवावयाचा असतो. ही मेहरबानी नव्हे, कर्तव्य आहे. तसे मत न झाले तरच आरोपीस बचावाचा पुरावा देण्यास सांगावयाचे.

‘पुरावा नाही’ आणि ‘पुरावा अपुरा आहे’ यांत मात्र भेद आहे. प्रेत सापडले, शवविच्छेदनावरून घातपात सिद्ध झाला. पण वार पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार फितूर झाला, पंच उलटले आणि हत्याराचा आरोपीशी संबंध जोडता आला नाही. अशा वेळी खून झाला हे ठरते, तो कोणी केला याविषयी कागद कोराच राहतो. आरोपीने खंडन करावे तरी कशाचे? याउलट एका साक्षीदाराने जरी आरोपीला वार करताना पाहिल्याचे शपथेवर सांगितले असेल, तर ती साक्ष कितपत खरी हे तोलण्याची जागा अंतिम निकालात आहे.

ही पायरी इतर देशांतही आहे. तिचा उंबरठा मात्र सर्वत्र सारखा नाही. उत्तर कोरियाच्या सत्ताधीशांच्या सावत्र भावाचा फेब्रुवारी २०१७ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर विषारी रसायनाने खून झाला. इंडोनेशियाची एक आणि व्हिएतनामची एक अशा दोन तरुणींवर खटला चालला. मलेशियाच्या कायद्यात सकृद्दर्शनी पुरावा आहे की नाही एवढेच या टप्प्यावर पाहतात. तो आहे, असे ठरवून न्यायाधीशांनी १६ ऑगस्ट २०१८ रोजी दोघींना बचाव देण्यास सांगितले. त्या वेळी तेथे खुनाला फाशीखेरीज दुसरी शिक्षा नव्हती. पुढे मार्च २०१९ मध्ये सरकारनेच एकीवरील आरोप मागे घेतला; दुसरीने एप्रिलमध्ये सौम्य गुन्हा कबूल केला आणि मे महिन्यात ती सुटली. बचावाला पाचारण करणे म्हणजे दोषी ठरविणे नव्हे, हे या प्रकरणाने जगाला दाखविले. पण त्या हुकमानंतर आरोपी किती महिने फासाच्या छायेत राहतो, हेही त्यानेच दाखविले.

आपल्याकडे ‘निर्दोष असेल तर बोलत का नाही?’ हा सवाल चावडीवर सहज केला जातो. परंतु राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. घराच्या चार भिंतींआड खून झाला, तर आत असलेल्याने खुलासा द्यावा, ही अपेक्षा न्यायालयांनी रास्त मानली आहे. पण सरकार पक्षाने आपला पाया आधी घातला असेल तरच. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी मुळात पूर्ण असेल, तर खोटा खुलासा तिला जास्तीचा दुवा म्हणून जोडता येतो. तुटलेली साखळी सांधण्यासाठी त्याचा उपयोग नाही. मौनाला तर त्याहून कमी वजन असावयास हवे.

मृताच्या आप्तांचा संताप आम्ही जाणतो. मध्यावरच आरोपी सुटला की त्यांना न्याय नाकारल्यासारखे वाटते. पण त्यांचा अपराध कोणी केला असेल, तर तो ढिलाईने तपास करणाऱ्याने. कोऱ्या कागदाला कोरा म्हणणाऱ्या न्यायाधीशाने नव्हे. अशा हुकमाविरुद्ध सरकारला अपीलही करता येते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन जण कच्चे कैदी होते. त्यांच्यापैकी ज्याच्याविरुद्ध पुरावाच उभा राहिला नाही, त्याला केवळ निकालाची औपचारिकता उरकण्यासाठी आणखी तारखा देणे हा अन्याय आहे.

म्हणून या टप्प्यावर न्यायाधीशांनी ‘बचाव दाखल करा’ एवढा एका ओळीचा शेरा मारून पुढे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बचाव मागावयाचा असेल, तर आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा पुरावा कोणता, हे थोडक्यात नोंदवावे. तो नसेल, तर त्याच दिवशी दार उघडावे. सरकारने जे सिद्ध करावयाचे, ते आरोपीच्या तोंडून वदवून घेण्याची वाट न्यायासनाने पाहू नये.