वाचक नसलेला आद्यकवी

कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, तसा एस्टोनियात मातृभाषा दिन असतो १४ मार्चला. हा एस्टोनियन भाषेचा आद्यकवी मानल्या जाणाऱ्या क्रिस्त्यान याक पेटरसनचा जन्मदिवस. फरक असा, की या कवीला हयातीत वाचक जवळजवळ नव्हतेच. १८०१ साली रीगात जन्म, तार्तू विद्यापीठात थोडंसं शिक्षण, १८२२ मध्ये क्षयाने मृत्यू. कवितांचं पुस्तक निघालं थेट १९२२ साली!

मग आद्यकवीचा मान मागाहून चिकटवलेलाच नाही का? आक्षेप बिनबुडाचा नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांच्या ओठी होती कवयित्री लिडिया कोइदुला, पेटरसन नव्हे. पण त्या काळी शिकलेला माणूस म्हणजे जर्मन बोलणारा. एस्टोनियन ही कुळांची आणि चर्चमधल्या प्रवचनांची भाषा. तिच्यात या पोराने ग्रीक वळणाची, यमक झुगारणारी स्तोत्रं लिहिली. शिवाय फिनिश दैवतकथांच्या कोशाचा त्याने केलेला जर्मन अनुवाद १८२१ साली छापला गेला आणि पुढच्या एस्टोनियन लेखकांनी त्यातून दैवतं अक्षरशः उसनी घेतली. म्हणजे प्रभाव होता, फक्त कवितेच्या दाराने आला नाही. रीगा ते तार्तू अंतर तो पायी तुडवायचा म्हणे. तार्तूच्या टेकडीवरच्या पुतळ्यातही त्याच्या हाती काठीच आहे.