समुद्रानें नेलेली वाळू आणि सरकारी तिजोरी

समुद्रकिनारा म्हणजे पृथ्वीवरील एक स्थिर रेषा, अशी आपली सामान्यतः समजूत असते. नकाशावर ती शाईनें काढलेली असल्यामुळें ती सदैव तशीच राहणार, असें आपणांस वाटतें. परंतु कोंकणांतील कोणाही अनुभवी कोळ्यास विचारलें, तर तो निराळेंच सांगेल. पावसाळ्यांत खवळलेला समुद्र पुळणीवरील वाळू ओढून नेतो, आणि पुढें लाटा शांत झाल्या म्हणजे तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतो. हा समुद्राचा नित्याचा देवघेवीचा व्यवहार होय. त्यांत कायमचा तोटा नाहीं. खरा तोटा होतो तो वाळू येण्याचा मार्गच बंद पडतो तेव्हां. अशा वेळीं नाहींशी झालेली पुळण सरकारी खर्चानें पुन्हां भरून काढावी काय, आणि काढावी तर तो भार कोणीं सोसावा, हा प्रश्न आज जगांतील पुष्कळ विहारस्थळांपुढें उभा आहे. ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट या नगराच्या उदाहरणावरून तो विद्यार्थ्यांस चांगला समजेल.

क्वीन्सलंड राज्याच्या आग्नेय कोपऱ्यांत, पन्नासांहून अधिक किलोमीटर पसरलेल्या पुळणींच्या कांठीं हें नगर वसलें आहे. येथील मुख्य उद्योग म्हणजे पाहुण्यांचें आदरातिथ्य. हॉटेलें, दुकानें, उपाहारगृहें व त्यांत राबणारे हजारों लोक या सर्वांचें पोट अखेरीस त्या वाळूवर अवलंबून आहे.

ही वाळू मुळांत तेथील नव्हे. त्या किनाऱ्यावर लाटा बहुधा आग्नेयेकडून येतात. लाट तिरपी चढते, पण पाणी उताराच्या दिशेनें सरळ खालीं उतरतें. त्यामुळें वाळूचा प्रत्येक कण करवतीच्या दात्यांसारख्या मार्गानें थोडथोडा उत्तरेकडे सरकत जातो. अशा रीतीनें न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावरून दरवर्षीं सरासरीनें सुमारें 5 लक्ष घनमीटर वाळू क्वीन्सलंडांत येते. एका मोटारलॉरींत 10 घनमीटर वाळू मावते असें धरलें, तर हें काम करण्यास वर्षाचे सर्व दिवस रोज सुमारें 137 खेपा कराव्या लागतील! समुद्र तें विनामूल्य करीत असतो. त्याला वाळूची नदीच म्हटलें तरी चालेल.

या दोन राज्यांच्या सीमेवर ट्वीड नांवाची नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं वाळूचा दांडा सांचून नावांस धोका होई. म्हणून 1962 नंतरच्या दोनतीन वर्षांत मुखाच्या दोन्ही बाजूंचे दगडी बंधारे समुद्रांत आणखी पुढें वाढविण्यांत आले. हेतु उत्तम होता. परंतु त्या बंधाऱ्यांनीं वाळूची नदी अडविली. दक्षिणेस वाळूचे ढीग सांचूं लागले आणि उत्तरेकडील कूलंगट्टा व किरा येथील पुळणी उपाशी पडल्या. पुढें 1967 सालीं एकामागून एक वादळें आलीं. भरपूर वाळू असती, तर किनाऱ्यानें तो मार सोसला असता. परंतु शिल्लक संपलेल्या मनुष्यावर आजारपण यावें तशी त्याची स्थिति झाली. पुळणी वाहून गेल्या आणि लाटा रस्त्यांस व घरांस भिडल्या.

अशा प्रसंगीं मनुष्यास प्रथम सुचतो तो उपाय म्हणजे दगडी भिंत. आपल्याकडे जागोजाग बांधलेले धूपप्रतिबंधक बंधारे याच जातीचे. भिंत मागील घर वाचविते, हें खरें. पण पुढील पुळण ती वाचवूं शकत नाहीं. भिंतीवर आदळलेली लाट जोरानें परत फिरते व पायथ्याची वाळू खरवडून नेते. शिवाय जेथें भिंत संपते, तेथें शेजाऱ्याच्या जमिनीची धूप वाढते. ज्या नगराचें वैभवच पुळण आहे, त्यानें घरें राखून पुळण घालविली, तर त्यानें काय राखलें?

1968 सालीं क्वीन्सलंडांत पुळणींच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. समुद्राशीं शतकानुशतकें झुंजत आलेल्या हॉलंड देशांतील डेल्फ्ट येथील प्रयोगशाळेचा सल्ला घेण्यांत आला. 1970 च्या तिच्या अहवालाचें तात्पर्य असें कीं, हरवलेली वाळूच किनाऱ्यास परत द्यावी. त्याप्रमाणें समुद्रतळांतून व खाडींतून यंत्रांनीं वाळू उपसून पुळणींवर घालण्याचीं कामें वेळोवेळीं झालीं. दगडी भिंत सर्वस्वीं टाकून दिली नाहीं. ती वाळूच्या टेकड्यांखालीं शेवटचा आधार म्हणून पुरून ठेवली.

तथापि कारण कायम ठेवून परिणामावर पैसा घालणें म्हणजे भोक पडलेली घागर भरीत बसणें होय. म्हणून 1994 सालीं दोन्ही राज्यांनीं करार केला, आणि 2001 पासून ट्वीड नदीच्या मुखाशीं एक विलक्षण यंत्रणा सुरू झाली. नदीच्या दक्षिणेस समुद्रांत सुमारें 450 मीटर लांबीचा धक्का असून त्याच्या खालीं पंपांची रांग आहे. अडून राहणारी वाळू ते पाण्यासह शोषून घेतात आणि नदीच्या तळाखालून नेलेल्या नळांनीं ती पलीकडील किनाऱ्यावर सोडली जाते. नगराच्या उत्तर टोंकाशीं अशीच व्यवस्था 1986 पासून आहे. निसर्ग जें काम फुकट करीत होता, तेंच आतां पंप, नळ व वीज यांवर पैसा खर्चून करावें लागतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आरंभीं वाळू इतकी गेली कीं किरा येथील पुळण वाजवीपेक्षां रुंद झाली, आणि लाटांवर फळीनें स्वार होणारे लोक आपली प्रख्यात लाट बिघडली म्हणून तक्रार करूं लागले. उलट जवळच वाळूचा नवा उंचवटा तयार होऊन दुसरी उत्कृष्ट लाट उत्पन्न झाली. पुढें 2017 सालीं सुमारें 30 लक्ष घनमीटर वाळू समुद्रांतून आणून किनाऱ्यालगत टाकण्यांत आली. मार्च 2025 मध्यें आल्फ्रेड नांवाचें वादळ आलें व त्यानें पुळणी पुन्हां कापून काढल्या. कित्येक ठिकाणीं वाळूचे मनुष्याहून उंच कडे उभे राहिले.

येथें करदाता विचारील, "समुद्र जर पुन्हां नेणारच, तर आमचा पैसा वाळूंत कां घालावा? आणि हॉटेलवाल्यांच्या अंगणासाठीं दूरच्या शेतकऱ्यानें कर कां भरावा?" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, वादळानें वाळू नेली म्हणजे ती वायां गेली, असें नव्हे. घरांवर येणारा घाव तिनें आपल्या अंगावर घेतला; आणि तिच्यापैकीं पुष्कळशी जवळच्या उथळ पाण्यांत राहून पुढें परतते. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र एका शब्दांत देतां येत नाहीं. जेथें पुळण सर्वांस खुली आहे, आणि जेथें हानि सार्वजनिक बांधकामानेंच झाली आहे, तेथें सार्वजनिक द्रव्य खर्च करणें न्याय्य होय. परंतु ज्यांच्या इमारतींचें मोल त्या वाळूमुळें वाढतें, त्यांनींही आपला वांटा उचलला पाहिजे. आणि जेथें गरीब मनुष्यास पुळणीवर पाऊल ठेवण्याची बंदी आहे, तेथें त्याच्या करांतून एक पैही जाऊं नये.

विद्यार्थीमित्रहो, या हकीकतीवरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. नदीच्या मुखाशीं बंधारा, बंदर किंवा धक्का बांधावयाचा असेल, तेव्हां खर्चाच्या अंदाजांत केवळ दगड व मजुरी धरून भागत नाहीं. पलीकडच्या गांवाची वाळू अडेल काय, हेंही आधीं पाहिलें पाहिजे. दुसरें असें कीं, पुळण एकदां भरून दिली म्हणजे कर्तव्य संपलें असें होत नाहीं. तें दरवर्षीं पाळावयाचें वचन आहे. तें पाळण्याची ज्या सरकारची तयारी नसेल, त्यानें समुद्रालगत नव्या इमारतींस परवानगी देण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. कारण समुद्र आपला हिशेब कधीं विसरत नाहीं, आणि त्याची बाकी बहुधा ज्यांनीं ती केली नाहीं त्यांच्याकडूनच वसूल होते.