सोडून देणारं चुंबक

विहिरीवरची मोटार चालू करताना कधी नीट पाहिलंय? भिंतीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण बाबा दाबतात. ‘खटाक्!’ मोटार घुरघुरते. बाबा बोट काढून घेतात, बटण टुणकन बाहेर येतं, तरी मोटार चालूच! घरातल्या दिव्याचा खटका दाबला की तसाच राहतो, म्हणून दिवा लागलेला राहतो. इथे तर बटण परत आलं. मग आतून दाबून कोण बसलंय?

आता दुसरं कोडं. लाईट गेली की मोटार थांबते. तासाभरानं लाईट येते, घरातले दिवे लागतात, पंखा फिरू लागतो. मोटार मात्र गप्प! कुणीतरी बॅटरी घेऊन अंधारात विहिरीवर जायचं आणि हिरवं बटण पुन्हा दाबायचं. असं का?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच माणसाळलेल्या चुंबकात आहे. पण आधी आपण रानटी चुंबक बघू. त्यासाठी चला नदीवर.

आपलं बेलापूर गाव प्रवरा नदीच्या काठी वसलंय. जुन्या स्पीकरमधलं चुंबक मिळालं तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि नदीच्या कोरड्या वाळूतून फिरवा. बाहेर काढलं की पिशवीला काळ्या कणांची दाढी फुटलेली असेल! हे कण म्हणजे मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज. प्रवरा उगम पावते सह्याद्रीत, रतनगडाजवळ. तिथला काळा दगड झिजतो आणि त्यातले कण नदी आपल्या दारात आणून टाकते.

हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस होता. तो थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटनं एक गोष्ट पकडून ठेवली: त्या वेळी पृथ्वीचं चुंबक कोणत्या दिशेला ओढत होतं ती दिशा. 1950 च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांत दडलेली ती दिशा मोजली. आणि कळलं काय? लाव्हा वाहत होता तेव्हा आपली ही जमीन विषुववृत्ताच्याही दक्षिणेला होती! जमीन हजारो किलोमीटर सरकली, पण दगडानं पकडलेलं सोडलं नाही. असला हा हट्टी!

पृथ्वीच्या चुंबकाची एक गंमत तर बेलापूरकरांना पटकन कळेल. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन बेलापुरात आहे का? नाही, ते आहे श्रीरामपुरात! तसंच पृथ्वीचं. चुंबकसूचीचं उत्तर टोक उत्तरेकडे वळतं. पण चुंबकाचे सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात आणि विरुद्ध ध्रुव ओढतात. म्हणजे पृथ्वीच्या उत्तर भागात चुंबकाचा दक्षिण ध्रुव असला पाहिजे. आहेच! पाटी एक, गाव दुसरं.

हट्टी चुंबकाची अडचण अशी, की त्याला ‘आता सोड’ म्हणता येत नाही. ती युक्ती सापडली विजेमुळे. 1820 मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडला दिसलं, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. म्हणजे वीज वाहते तिथे चुंबकत्व जन्मतं! मग 1825 मध्ये इंग्लंडच्या विल्यम स्टर्जननं लोखंडाचा तुकडा नालासारखा वाकवला आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घातले. 200 ग्रॅमच्या त्या नालानं चार किलो वजन उचललं. वीज तोडली, की वजन धप्पकन खाली. मऊ लोखंडाला चुंबक होताही येतं आणि विसरताही येतं. हेच विद्युतचुंबक.

आता स्टार्टरची पेटी उघडू. फक्त मनातल्या मनात हं! खऱ्या पेटीला हातही लावायचा नाही, आत चारशेच्या वर व्होल्ट असतात.

आत तारेची एक गुंडाळी आहे, तिला म्हणतात कॉईल. हिरवं बटण दाबलं की कॉईलमधून वीज वाहते, ती चुंबक होते आणि समोरचा लोखंडी तुकडा ‘खटाक्’ करून ओढून घेते. त्यासरशी धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि मोटारीला वीज मिळते. त्याच वेळी आणखी एक छोटी पट्टी टेकते, ती कॉईललाही वीज पुरवत राहते. आता बोट काढलं तरी काय बिघडतं? कॉईल स्वतःच स्वतःला जागं ठेवते. लाल बटण दाबलं किंवा लाईट गेली, की चुंबकत्व संपतं आणि स्प्रिंग पट्ट्यांना दूर ढकलते. लाईट आली तरी पट्ट्या लांबच, म्हणून मोटार गप्प.

हा त्रास वाटतो ना? पण मोटार सुरू होताना, एरवी लागते त्याच्या पाच-सहा पट वीज क्षणभर ओढते. लाईट येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीचं काय होईल? म्हणून तर महावितरण शेतकऱ्यांना सांगतं, लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटोस्विच काढून टाका.

ऊस गाळणाऱ्या अनेक कारखान्यांतही चुंबक राखणीला असतं. मोळीत कोयत्याचा तुकडा किंवा खिळा राहिला तर रोलरचे दात तुटतील. म्हणून गव्हाणीतून पुढे जाणाऱ्या उसातलं लोखंड ते ओढून घेतं. पण गोळा झालेलं लोखंड झटकायचं कसं? विद्युतचुंबक असेल तर सोपं. उसापासून बाजूला घ्या, वीज बंद करा, सगळं खाली!

करून पाहा

मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार मागून आणा. दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा, कारण तारेवर लाखेसारखा थर असतो. बोटभर खिळ्यावर पन्नास वेढे घाला आणि टोकं एका टॉर्चच्या सेलला टेकवा. घरातल्या प्लगला मुळीच नाही! खिळा टाचण्या उचलेल. तार तापते, म्हणून चार-पाच सेकंदांतच काढा.

टाचण्या पडल्या? सगळ्या? एखादी लोंबकळत राहिली तर समजा, तुमच्या खिळ्यात प्रवरेच्या वाळूचा थोडा हट्ट आहे. आता सांगा बरं, असल्या हट्टी लोखंडाचा स्टार्टर बनवला आणि लाल बटण दाबलं, तर काय होईल?