कॅप आणि ब्रिज : खांब जपले तरच पूल टिकेल

"डॉक्टर, एकदाचा पक्का दात बसवून टाका, म्हणजे पुन्हा कटकट नको." माझ्या दवाखान्यात हे वाक्य वरचेवर कानी पडते. या 'पक्का' शब्दाने बराच गैरसमज करून ठेवला आहे. पक्का दात म्हणजे आपला आपल्याला काढता-घालता न येणारा दात, इतकाच त्याचा अर्थ. जन्मभर टिकणारा, असा नव्हे. कॅप आणि ब्रिज म्हणजे नेमके काय आणि ते टिकतात कशावर, हे आज समजून घेऊ.

कॅप केव्हा लागते?

दाताला चहूबाजूंनी झाकणारी टोपी म्हणजे कॅप. दात अर्धा तुटला, किडीने त्याच्या भिंती पातळ झाल्या किंवा दाढेचे रूट कॅनल झाले की ती बहुधा लागते. रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढून ती पोकळी भरतात. दुखणे थांबते, पण आधी किडीने आणि मग उपचारासाठी पोखरलेली दाढ चावण्याचा जोर सोसेलच असे नाही. सुपारीचे खांड किंवा चिवड्यातला एखादा टणक दाणा दाढेखाली आला की ती उभी चिरते. चीर मुळात उतरली तर दाढ काढण्यावाचून सहसा इलाज राहत नाही. म्हणून "आता दुखत नाही, कॅपचे दिवाळीनंतर बघू" असे म्हणू नये.

टोपीला जागा हवी म्हणून दात घासून लहान करावा लागतो. चावण्याच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर थर जातो. मग माप घेऊन कॅप तयार करतात, तोवर तात्पुरती कॅप देतात आणि शेवटी खरी कॅप सिमेंटने बसवतात. धातूची कॅप मजबूत आणि स्वस्त, मागच्या दाढांना उत्तम. दिसणाऱ्या दातांसाठी धातूवर पोर्सेलिनचा थर दिलेली किंवा झिर्कोनियाची कॅप वापरतात. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या त्वचेला खाज सुटते, त्यांनी हे आधीच सांगावे. काही धातूंच्या कॅपमध्ये निकेल असते.

ब्रिज म्हणजे पूल

दाढ काढली आणि जागा तशीच मोकळी ठेवली, तर शेजारची दाढ हळूहळू त्या बाजूला कलते आणि समोरच्या जबड्यातली दाढ खाली किंवा वर सरकते. फटीत अन्न अडकते, चांगले दातही किडू लागतात. ही जागा भरण्याचा एक मार्ग म्हणजे ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो. दोन खांब आणि मध्ये पूल.

नदीवरचा पूल कितीही भक्कम बांधला तरी खांब खचला की तो जातो. इथेही तेच. १९२६ मध्ये अँटे नावाच्या दंतवैद्याने एक नियम सांगितला होता : आधाराच्या दातांची मुळे हाडात जेवढी रुजली आहेत, तो आधार निदान गेलेल्या दातांच्या मुळांइतका तरी असावा. आज हा नियम इतका काटेकोर पाळत नाहीत, पण त्यामागचा विचार खोटा ठरलेला नाही. हलणाऱ्या दातांवर चार-पाच दातांचा ब्रिज पेलत नाही. म्हणूनच आधी एक्स-रे काढावा लागतो.

आणखी एक गोष्ट. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. शेजारचे दोन्ही दात ठणठणीत असतील, तर एका दातासाठी दोन चांगले दात घासायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याची इम्प्लांटची पद्धत आहे, ती महाग पडते. काढता-घालता येणारी छोटी कवळीही आहे, ती स्वस्त पडते.

न दुखणारी कीड

कॅप किडत नाही, पण कॅपखालचा दात किडतो. कॅपची कड हिरडीजवळ जिथे संपते, तिथे अन्नाचा थर साचतो आणि कीड तिथूनच आत शिरते. रूट कॅनल झालेल्या दाताला नस नसल्याने तो थंड-गरमाला ठणकत नाही. मध्यंतरी एक निवृत्त शिक्षक केवळ ब्रिज हलतो म्हणून माझ्याकडे आले. बसवून सहा वर्षे झाली होती. ब्रिज काढून पाहिला तर मागचा खांब पार कुजलेला. "पण डॉक्टर, एक दिवसही दुखले नाही हो!" ते म्हणाले. दुखणार कसे? गेला होता एक दात, आता दोन गेले.

म्हणून ब्रश कॅपच्या कडेवरून, हिरडीलगत फिरला पाहिजे. मधल्या खोट्या दाताच्या खालून साध्या ब्रशचे केस जात नाहीत. तिथे बारीक ब्रश किंवा खास दोरा ओवून रोज रात्री सफाई करावी. ती कशी करायची, हे दवाखान्यातच आरशासमोर शिकून घ्या. मिश्री-तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हिरड्या व हाड खातात, म्हणजे थेट खांबच पोखरतात.

हे टाळा

काही ठिकाणी एका बैठकीत, शेजारच्या दातांना तार गुंडाळून आणि प्लॅस्टिकसारखा मसाला थापून 'फिक्स दात' करून देतात. तो मसाला हिरडीवर चिकटून बसतो, त्याखाली सफाई होत नाही, हिरडी सुजते आणि शेजारचे दात हलू लागतात. स्वस्तातला हा दात फार महाग पडतो. दात बसवणारी व्यक्ती नोंदणीकृत दंतवैद्य आहे, याची खात्री करूनच खुर्चीत बसा.

कॅप निघालीच तर टाकू नका आणि घरच्या गोंदाने चिकटवू नका. स्वच्छ डबीत ठेवून एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. आणि काही दुखत नसले तरी सहा महिन्यांनी एकदा दाखवून या. नीट निगा राखलेला ब्रिज दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही जास्त साथ देतो.