जोडीदार बदलणारा 'लांडगा'

गोल्फमध्ये चौघांनी मिळून पैज लावायची असेल, तर अमेरिकेत अनेकदा 'वुल्फ' अर्थात 'लांडगा' हा खेळ निवडला जातो. यात कोणाचाही जोडीदार कायमचा नसतो.

प्रत्येक होलवर एक खेळाडू लांडगा होतो. पाळी फिरत राहिल्याने १६ होलमध्ये प्रत्येकाला चारदा संधी मिळते. उरलेल्या दोन होलवर बहुधा पिछाडीवरील खेळाडूला हा मान दिला जातो. इतरांचा पहिला फटका पाहून लांडग्याने जोडीदार निवडायचा असतो. मात्र, पुढच्या खेळाडूने चेंडू मारला, की आधीच्याला निवडण्याचा हक्क संपतो. कोणीच न निवडल्यास त्याला एकट्याने तिघांशी लढावे लागते. प्रत्येक बाजूच्या सर्वांत कमी फटक्यांची तुलना होते. बरोबरीत गुण नाहीत.

प्रचलित पद्धतीत लांडग्याची जोडी जिंकल्यास दोघांना प्रत्येकी दोन गुण, तर प्रतिस्पर्धी जोडी जिंकल्यास तिला प्रत्येकी तीन गुण मिळतात. एकटा लांडगा जिंकल्यास त्याला चार, हरल्यास तिघांना प्रत्येकी एक.

खरी मेख पुढेच आहे. अखेरीस प्रत्येकाने प्रत्येकाशी गुणांच्या फरकाने पैसे चुकते करायचे ठरल्यास, एकट्याच्या विजयाने तिघांकडून मिळून १२ गुणांची कमाई होते. पराभवात तीनच जातात. जोडीने जिंकल्यास मात्र चारची कमाई आणि हरल्यास सहाची खोट. म्हणजेच निकाली ठरलेल्या पाच होलपैकी एक जिंकला, तरी एकट्याचे नुकसान होत नाही! त्यामुळे गुणांचे दर, पैजेची रक्कम आणि हँडिकॅपची सवलत पहिल्या फटक्यापूर्वीच ठरवून घेणे इष्ट.