संकेतस्थळाच्या दारांत देवनागरी अक्षर

सिडको ही संस्था १९७० सालीं स्थापन झाली आणि तिच्या आखणीनें खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली. शहर नवें असलें, तरी त्यांतील गांवांचीं नांवें जुनीं आहेत. नेरूळ, तळोजे, कळंबोली या नांवांतला ‘ळ’ रोमन लिपींत गेला कीं ‘ल’ होऊन बसतो. गांवाच्या नांवाची ही स्थिति, तर माणसाच्या नांवाची काय असेल? पाण्याची तक्रार, शाळेकडे चौकशी, रुग्णालयास विनंती हीं कामें आतां संकेतस्थळावरील संपर्क-अर्जानें होतात. तेथें एखाद्या गृहिणीनें आपलें नांव शुद्ध मराठींत लिहावें आणि ‘नांव अयोग्य आहे’ असें उत्तर मिळावें, किंवा अर्ज स्वीकारला जाऊन कचेरींत नुसतीं प्रश्नचिन्हें उमटावींत, असे प्रकार घडतात. दुसरा प्रकार अधिक वाईट. कारण अर्ज पोंचला या समजुतीनें अर्जदार उत्तराची वाट पाहत राहतो, आणि वाचणाऱ्यास मात्र अर्थबोध झालेला नसतो. हा दोष देवनागरी लिपीचा आहे काय?

संगणकास अक्षर कळत नाहीं, आंकडा कळतो. वर्गांतील मुलांना हजेरीपटावर जसे क्रमांक असतात, तसे अक्षरांनाही द्यावे लागतात. १९६३ सालीं अमेरिकेंत ‘आस्की’ नांवाचा जो पट तयार झाला, त्यांत जागा अवघ्या १२८. त्या रोमन अक्षरें, अंक व विरामचिन्हें यांनीं भरून गेल्या. भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ हा पट आपल्याकडे तयार झाला व १९९१ सालीं त्यास भारतीय मानकाचें रूप मिळालें. त्याच सालीं जगांतील सर्व लिपींना एका पटावर आणणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत जागा मिळाल्या. ‘क’चा क्रमांक २३२५, तर ‘ळ’चा २३५५. अर्थात् जागेची अडचण तेव्हांच मिटली. आज अक्षर हरवतें तें वाटेंतल्या कोणत्या तरी नाक्यावर.

पहिला नाका दारावरच्या पहारेकऱ्याचा. अर्ज रचणारा कारागीर ‘नांवांत अमुकच चिन्हें चालतील’ असा नियम घालून ठेवतो. कोणी फक्त रोमन अक्षरांनाच वाट देतो. कोणी उदार होऊन ‘कोणत्याही लिपीचें अक्षर चालेल’ असें ठरवतो; पण युनिकोडमध्यें काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीं ‘अक्षरें’ नसून अक्षरास जोडावयाचीं ‘चिन्हें’ या निराळ्या वर्गांत मोडतात. परिणाम मोठा चमत्कारिक होतो. ‘कमल’ या नांवाला दार उघडतें आणि ‘कमला’ काना घेऊन आली कीं तें बंद होतें! नियमांत या चिन्हांचा उल्लेख केला कीं दोष निघून जातो.

दुसरा नाका मोजमापाचा. ‘ज्ञानेश्वर’ हें नांव डोळ्यांना चार अक्षरांचें दिसतें. युनिकोडच्या पटावर त्याचे घटक दहा होतात. कारण हलन्त, काना व मात्रा हे सारे निरनिराळे मोजले जातात. पुढें तें ‘यूटीएफ-८’ या पद्धतीनें सांठवतांना देवनागरीच्या प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजलेली ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. रोमन नांवांच्या अंदाजानें कोणी वीस बाइटांची मर्यादा घातली, तर ‘ज्ञाने’ एवढेंच धड उरतें आणि पुढचें अक्षर मध्येंच तुटतें.

तिसरा नाका वाहतुकीचा. अर्जांतला मजकूर पुष्कळदां ई-पत्रानें कचेरींत जातो. मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे, हें त्या पत्रावर लिहावें लागतें. त्याचे नियम १९९२ पासून ठरलेले आहेत. ही चिठ्ठी चुकली, तर वाचणारें यंत्र तीन बाइटांचें एक अक्षर तीन परकीं चिन्हें समजून वाचतें. मग मराठी वाक्याच्या जागीं डोक्यावर तिरपी रेघ असलेलें रोमन ‘ए’ पुनःपुन्हा दिसूं लागतें. तें पाहून अर्ज टाकून देऊं नये. मूळ बाइट शाबूत असतील तर वाचनाची पद्धत बदलतांच मराठी मजकूर परत येतो.

प्रश्नचिन्हांची गोष्ट निराळी. ज्या कोठारांत फक्त रोमन अक्षरांची सोय असते, तें अनोळखी अक्षराच्या जागीं ‘?’ लिहून मोकळें होतें. मूळ क्रमांक पुसला गेला, कीं तो त्या नोंदींतून कोणत्याही उपायानें परत मिळत नाहीं. म्हणून ही चूक आधींच टाळली पाहिजे.

क्वचित् लिहिणाराही चुकतो. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आंत क्रमांक रोमन अक्षरांचेच असतात. असा मजकूर उचलून अर्जांत ठेवला, कीं त्याचें अर्थहीन रोमन होतें. अर्ज भरतांना युनिकोडचाच कळफलक वापरावा.

पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिपी संगणकावर आणण्यासाठीं पुष्कळ परिश्रम केले. तिचें एक केंद्र नवी मुंबईंतच, खारघर येथें आहे. तेव्हां साधनें दूर आहेत अशी सबब चालणार नाहीं. अर्ज लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं संस्थेनें ‘कमला’, ‘ज्ञानेश्वर’ व ‘नेरूळ’ हे तीन शब्द त्यांत भरावे, आणि ते कचेरींतल्या पडद्यावर व छापील कागदावर जसेच्या तसे उतरतात कीं नाहीं तें पाहावें. या परीक्षेस पांच मिनिटें पुरतात. ती न घेतल्यास एखाद्या नागरिकाची तक्रार प्रश्नचिन्हांच्या ओळींत कायमची पुरली जाते, आणि तो नागरिक कोण होता हें विचारण्यासही तेथें नांव उरत नाहीं.