मशीनचे १२ तास, घराचे १५६ तास

सोनाळ्याच्या वरच्या अंगाला सातपुडा आहे. खालच्या अंगाला, पूर्णा नदीकडे जमीन उतरत जाते तसे विहिरींचे पाणी खारट होत जाते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरलेला हा खारपाण पट्टा आमच्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चहा फाटतो, डाळ लवकर शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. आणि संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत ‘किडनीचा पेशंट’ हा शब्द गेली कित्येक वर्षे घराघरांत बोलला जातो. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा देशभरातून वार्ताहर आले, आयसीएमआरचे पथक आले. किडनीसाठी अशी धावपळ होत नाही. केस गेलेले आरशात दिसतात. किडनी मात्र बरीचशी निकामी होईपर्यंत कळतही नाही.

सगळा दोष पाण्यावर टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. गोड पाणी हा लोकांचा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. पण किडनी निकामी होण्याची जगभर सिद्ध झालेली दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब, आणि ती दोन्ही आपल्या घरात बसलेली आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे कंबर दुखली, गुडघे दुखले की मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. आमच्याकडे शेतमजुरी करणाऱ्या बायका त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारले तर त्याच सांगतील. यातले काही जास्त निघाले तर लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या डॉक्टरांना मुद्दाम विचारून कराव्यात.

ज्यांची वेळ निघून गेली आहे, ज्यांचे डायलिसिस सुरू झाले आहे, त्यांच्या घरांसाठी हा लेख आहे.

डायलिसिस म्हणजे शरीरातील रक्त नळीने बाहेर काढून, मशीनमधील जाळीतून स्वच्छ करून परत शरीरात सोडणे. एका वेळेला साधारण चार तास लागतात आणि तेवढ्यात जाळीच्या दुसऱ्या बाजूने सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी वाहते. सहसा आठवड्यातून तीन वेळा हे करावे लागते. परिस्थितीमुळे आपल्याकडचे बरेच जण दोनच वेळा जातात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे आणि महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेमुळे गरीब रुग्णाला उपचाराचे पैसे मोजावे लागत नाहीत. ही मोठी सोय आहे. तरी सोनाळा, टुनकी, बावनबीरच्या माणसाला शेगाव, खामगाव किंवा अकोल्याकडे जावेच लागते. सोबत एक माणूस लागतो आणि दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडते.

आता हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. तीन वेळा चार तास म्हणजे १२. उरलेले १५६ तास रुग्ण घरी असतो. त्या तासांत तो काय पितो, काय खातो, कोणता हात कसा वापरतो आणि मनातल्या मनात किती खचतो, यावर पुढच्या खेपेला मशीनवर त्याचे काय होणार हे ठरते. डॉक्टर औषध लिहून देतात. या १५६ तासांचा अभ्यास मात्र प्रामुख्याने नर्सेसनी केला आहे, आणि आपल्याकडे ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. नर्स म्हणजे सुई टोचणारी, सलाईन लावणारी, एवढेच आपण धरून चालतो.

अमेरिकेतील डोरोथिया ओरेम या नर्सने १९७१ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यातला विचार साधा आहे. माणूस स्वतःची काळजी स्वतः घेत असतो, आजारात ती ताकद कमी पडते, आणि जेवढी कमी पडते तेवढी भरून काढणे हे नर्सचे काम. बेशुद्ध रुग्णाचे सगळेच करावे लागते. काहींना अर्धा आधार पुरतो. आणि काहींना हात लावायचा नसतो, फक्त शिकवायचे आणि धीर द्यायचा असतो. डायलिसिसचा चालता-फिरता रुग्ण बहुधा या तिसऱ्या प्रकारातला.

पुढे १९८२ मध्ये बाल्ड्री, मर्फी आणि पॉवर्स या संशोधकांनी ‘नर्सिंग रिसर्च’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. डायलिसिसच्या रुग्णांना त्यांनी विचारले की तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? आपल्याला वाटेल सुईचा किंवा मरणाच्या भीतीचा. यादीत सगळ्यात वर आले ते पाण्यावरचे बंधन. तहान! ज्याने वैशाखात सोनाळ्याच्या शिवारात दिवस काढला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको.

या तहानेवर थोडे थांबून बोलायला हवे, कारण घरात सगळ्यात जास्त भांडणे हिच्यावरून होतात. लघवी कमी झाली की प्यायलेले पाणी अंगातच साठते. एक लिटर पाणी म्हणजे वजनात एक किलो. पायांवर सूज येते, मग दम लागतो, रात्री आडवे झोपता येत नाही. मशीनवर ते जास्तीचे पाणी घाईने काढावे लागले की पायात गोळे येतात, रक्तदाब खाली जातो, रुग्ण गळून घरी येतो. म्हणून आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे, आणि वर साधारण अर्धा लिटर, एवढेच पाणी असा ढोबळ नियम सांगितला जातो. नेमका आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. चहा, दूध, ताक, वरणाचे पाणी, शोरबा आणि गोळीसोबतचे घोट, सगळे त्यात मोजायचे. हजहून आलेल्या नातेवाइकाने दिलेले जमजमसुद्धा. ते घोटभर घ्यावे, पण हिशेबात धरावे.

घरची माणसे पाण्याचा तांब्या लपवतात आणि जेवताना ताटात लोणचे, पापड वाढतात. हे उलटे आहे. तहान मीठ लावते. मीठ कमी केले नाही तर पाणी कमी करणे माणसाच्या हाती राहत नाही. मग तो रात्री उठून चोरून पितो आणि सकाळी त्याला बोलणी बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी माणसालाच दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा मिठाची मर्यादा सांगितली आहे. खारे पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरत असाल तर त्यातूनही मीठ पोटात जाते. सैंधव हेही मीठच. आणि बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ तर किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शिवूच नये, कारण त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेले असते.

पोटॅशियम हा दुसरा छुपा शत्रू. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. आता आपल्या घरातले चित्र पाहा. कोणी आजारी आहे म्हटले की इयादतला माणसे येतात. रिकाम्या हाताने कसे यायचे? मग नारळ, केळी, मोसंबी, आमच्या भागातली संत्री, आणि रमजान असेल तर खजुराचा डबा. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर! प्रेमाने आणलेले नारळपाणी डायलिसिसच्या रुग्णाला घातक ठरू शकते. इफ्तारला खजुराचा एक तुकडा चालेल का, ईदला दोन चमचे शीरखुर्मा चालेल का, हे डायलिसिस युनिटमधल्या सिस्टरला मोकळेपणाने विचारावे. वाटीभर मात्र नाही. सफरचंदाची फोड साधारणपणे सोसते. बटाटा आणि पालेभाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. इयादतला जाणाऱ्यांनी त्यापेक्षा गाडीभाडे द्यावे, किंवा एका खेपेला सोबत जावे.

रोजाबद्दलही विचारले जाते. आजाऱ्याला रोजातून सवलत सूरह बकरामध्येच आहे, आणि बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात फिदया देण्याची वाट आहे. तरीही घरातले वडीलधारे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून हट्टाने रोजा धरतात. आपल्या आलिमांशी आणि डॉक्टरांशी, दोघांशीही रमजानच्या आधी बोलून घ्यावे.

फिस्टुलाचा हात ही आणखी एक घरची जबाबदारी. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी मनगटाजवळची शीर धमनीला जोडण्याची पद्धत जगासमोर मांडली, आणि आजही बहुतेकांचे डायलिसिस त्यावरच चालते. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्यातून रक्त काढू देऊ नये. पाण्याची बादली उचलू नये, तो हात उशाखाली घेऊन झोपू नये, बायकांनी त्या हातात घट्ट बांगड्या घालू नयेत. रोज फजरच्या वेळी दुसऱ्या हाताची बोटे त्यावर ठेवावीत. आत सरसर जाणवली पाहिजे. जाणवली नाही तर त्याच दिवशी डायलिसिस केंद्र गाठावे.

हे सगळे शिकवता येते का? महाराष्ट्रातल्या नर्सिंग महाविद्यालयांत एम.एस्सी. करणाऱ्या मुलींना प्रबंध लिहावा लागतो. त्यांतल्या बऱ्याच जणींची पद्धत ठरलेली असते. आधी रुग्णांकडून प्रश्नपत्रिका भरून घ्यायची, मग माहिती द्यायची, काही दिवसांनी पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात. त्या मुलींच्या मेहनतीचा मान राखूनही आम्हाला वाटते की प्रश्नपत्रिकेतले गुण वाढले म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा उतरला असे होत नाही. शिवाय शिकवले जाते रुग्णाला, आणि भाजीत मीठ घालते त्याची बायको किंवा सून, जी घरी आहे. तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. निदान एकदा तरी स्वयंपाक करणारीने युनिटमध्ये जावे. सिस्टरने सांगितलेले आपल्या शब्दांत तिलाच परत सांगून दाखवावे, मग काय राहिले ते लगेच कळते. अभ्यासांनी उपयोगी ठरवलेली ही युक्ती फुकटची आहे.

संकटाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मानसशास्त्रज्ञ लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ च्या पुस्तकात सांगितल्या. एक, अडचणीला हात घालणे. दुसरी, मनाला सावरणे. दोन्ही लागतात. आपल्याकडे दुआ आणि सब्र मनाला सावरतात. पण ‘सब्र करा’ म्हणून वजन न करता, पथ्य न पाळता बसलेला माणूस आम्ही पाहिला आहे, आणि पथ्याचा कागद पाठ असूनही रात्र रात्र भिंतीकडे पाहत पडलेलाही. दुसऱ्याला ‘रडू नका’ सांगून भागत नाही. भूक गेली, झोप गेली, ‘आता मशीनवर जात नाही’ अशी भाषा आली की ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे. त्यावरही उपचार आहेत.

आणि त्याची बायको? अमेरिकेत झारिट यांनी १९८० मध्ये सेवा करणाऱ्यांवरचा भार मोजण्याची प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर नर्सेस वापरतात. तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, या धर्तीचे प्रश्न त्यात असतात. आपल्या घरात हे प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. सेवा हा तिचा फर्जच मानला जातो. मुलांनी, दिरांनी, जावयांनी खेपा वाटून घ्याव्यात. आठवड्यातली एक खेप जरी दुसऱ्याने उचलली तरी तिला एक दिवस मिळतो.

नर्सिंगकडे आपल्या समाजात अजून नाक मुरडले जाते. मस्जिद-ए-नबवीच्या आवारातील तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल्-अस्लमिया यांचे नाव सीरतच्या ग्रंथांत आहे, ते आपण विसरतो. आमचा आग्रह मात्र रोजच्या गरजेचा आहे. शीरखुर्म्यात काय काय पडते हे जिला विचारावे लागत नाही, जी अम्मीशी घरच्या बोलीत बोलते आणि ‘खाला, काल रात्री किती पाणी प्यालात, खरं सांगा’ असे विचारू शकते, अशी सिस्टर युनिटमध्ये असली तर पुष्कळ गोष्टी आधीच पकडल्या जातील. दहावी-बारावी झालेल्या मुली घरात असतील तर जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी या उन्हाळ्यात करून ठेवा. अर्जाच्या तारखा फार थोड्या दिवसांच्या असतात.